परतीचे पाणी

ऑस्ट्रेलियाचा मोठा नकाशा वर्गात भिंतीवर लावावा आणि मुलांना फक्त गावांची नावे वाचायला सांगावे. पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यावर नावांची दाटी सापडेल. तिथून बोट आत सरकवत नेले की नावे विरळ होतात, आणि नकाशाच्या मध्यावर तर वीतभर जागेत एखादेच नाव दिसते. या मधल्या अफाट भागाला तिथले लोक 'आऊटबॅक' म्हणतात. त्यातला नॉर्दर्न टेरिटरी हा एक विभागच घ्या. त्याचे क्षेत्रफळ साडेतेरा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौपटीहून जास्त. वस्ती मात्र अडीच लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. दक्षिण किनाऱ्यावरच्या ॲडलेडहून उत्तर किनाऱ्यावरच्या डार्विनला सडकेने जायचे तर सुमारे ३००० कि.मी. पडतात. मुंबईहून दिल्लीला जाऊन परत यावे, त्याहून थोडे अधिकच.

आता मुलांना दुसरा प्रश्न विचारावा. वाटेत दुकान नाही, विहीर नाही, पेट्रोल पंप नाही, असा हा प्रदेश ओलांडायचा आहे. बरोबर काय घ्याल? बहुतेक मुले सांगतील, 'जास्तीत जास्त पाणी, जास्तीत जास्त खाणे, जास्तीत जास्त पेट्रोल.' हे उत्तर सरळ आहे, आणि ते चुकीचे आहे. ते चुकीचे का, हे कळायला ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या प्रवाशांना अनेक वर्षे लागली आणि त्यासाठी काही जीवही गेले.

अडचण अशी की वाहून नेणारा स्वतःच ओझे खातो. हे कोडे फार जुने आहे. आठव्या शतकातला इंग्रज पंडित अल्क्विन याच्या नावावर असलेल्या गणिती कोड्यांच्या संग्रहात एक उंट आहे. नव्वद मापे धान्य तीस कोसांवर न्यायचे आहे. उंट एका वेळी तीस मापे वाहतो आणि दर कोसाला एक माप खातो. शेवटी किती धान्य पोचेल? सगळे एकदम भरून निघाले तर शून्य. म्हणून वाटेत टप्पा करायचा, खेपा घालायच्या, टप्प्यावर धान्य साठवायचे आणि तिथून पुढे जायचे. संग्रहातल्या उत्तरात वीस मापे धान्य पोचते. मात्र त्यात एक गंमत आहे. टप्प्यावरून परत येताना उंट काहीच खात नाही! परतीचा खर्च हिशेबात न धरणारे अल्क्विन पहिले नसावेत. शेवटचे तर नव्हेतच.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हेच कोडे जीपच्या रूपात गणितज्ञांपुढे आले आणि १९४७ साली एन. जे. फाइन यांनी त्याची उकल प्रसिद्ध केली. समजा, एका टाकीत जीप ५०० कि.मी. जाते. निघण्याच्या ठिकाणी हवे तेवढे पेट्रोल आहे, पण जीपमध्ये एका वेळी एकच टाकीभर नेता येते. वाटेत मात्र डबे ठेवता येतात. दोन टाक्या पेट्रोल वापरून किती लांब जाता येईल? मुले म्हणतील, हजार कि.मी. प्रत्यक्षात असे होते. पहिल्या खेपेला टाकीच्या एक तृतीयांशाएवढे अंतर जायचे, तिथे एक तृतीयांश टाकी पेट्रोल ठेवायचे आणि उरलेल्या तृतीयांशावर परत यायचे. दुसऱ्या खेपेला त्या ठिकाणी पोचेपर्यंत एक तृतीयांश संपलेले असते. ठेवलेले पेट्रोल घातले की टाकी पुन्हा पूर्ण भरते. म्हणजे एकूण मजल १ + १/३ टाकी, सुमारे ६६७ कि.मी. तीन टाक्या असतील तर १ + १/३ + १/५. पुढे १/७, १/९ अशी भर पडत जाते. फळ्यावर बेरीज करून पाहावी. हजार कि.मी., म्हणजे दुप्पट अंतर जायला साडेसात टाक्यांहून थोडे जास्त पेट्रोल लागते. तिप्पट अंतराला सुमारे ५७ टाक्या. चौपट अंतराला चारशेहून अधिक! आणि हा सगळा हिशेब परत न येणाऱ्या जीपचा आहे. परत यायचे असेल तर दोन टाक्यांत जास्तीत जास्त पाऊण टाकीच्या अंतरापर्यंतच जाता येते.

ही श्रेणी अनंतापर्यंत वाढत जाते, म्हणून तत्त्वतः कितीही रुंद वाळवंट ओलांडता येते. व्यवहारात मात्र तिसऱ्या-चौथ्या पदालाच माणूस थकतो. मण्यांचे पेट्रोल आणि काडेपेटीची जीप घेऊन मुलांकडून हा खेळ करून घ्यावा. आम्ही तो प्रौढांकडूनही करून घेतला आहे. परतीचे मणी ठेवायला तेही विसरतात.

आमच्यावरही एकदा ही वेळ आली होती. काही वर्षांपूर्वी जैसलमेरच्या पलीकडे मातीचे नमुने गोळा करायला गेलो असताना आमच्या जीपच्या चालकाने पाण्याचे दोन डबे वेगळे काढून त्यांना दोरी बांधली. दुपारी आम्ही त्यांतल्या एकाला हात लावताच तो शांतपणे म्हणाला, 'साहब, ये वापसी का है.' आमच्यापैकी तिघांकडे डॉक्टरेट होती. हा हिशेब मात्र त्यालाच येत होता.

पेट्रोलच्या जागी पाणी घातले तर हिशेब आणखी कडक होतो, कारण इंजिन बंद ठेवता येते, पण शरीर बंद ठेवता येत नाही. कडक उन्हात चालणाऱ्या माणसाला तासाला एक लिटरपर्यंत घाम येऊ शकतो. एक लिटर घाम अंगावर वाळतो तेव्हा शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. शरीराला थंड राहायचा दुसरा मोठा मार्ग नाही. महायुद्धाच्या काळात ई. एफ. ॲडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांचा अभ्यास करून याचे आकडे काढले आणि ते १९४७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. दुपारचे तापमान ४९ अंश सेल्सिअसला जात असेल आणि जवळ पाणी नसेल, तर सावलीत स्वस्थ पडून राहणारा माणूसही सुमारे दोन दिवसच तगतो. जवळ चार लिटर पाणी असेल तर त्यात जेमतेम अर्ध्या दिवसाची भर पडते. पाणी घोटाघोटाने पुरवून प्याल्याने आयुष्य वाढत नाही. घाम वाचवला तर वाढते. दिवसा सावलीत पडून राहावे, हे त्याचे साधे तात्पर्य.

उंटाला हे जन्मतःच जमते. त्याच्या मदारीत पाणी नसते, चरबी असते, हे आता पाठ्यपुस्तकांतही आले आहे. क्नूट आणि बोडिल श्मिट-नील्सन या दांपत्याने १९५३-५४ मध्ये सहारात राहून जे मोजले ते अधिक मजेचे आहे. तहानलेला उंट दिवसभर आपले तापमान वाढू देतो, घाम गाळतच नाही. रात्रीच्या गारव्यात ती उष्णता फुकट बाहेर जाते. पाचशे किलोच्या उंटाचे तापमान सहा अंशांनी वाढले तर सुमारे २४०० किलोकॅलरी साठतात. तेवढी उष्णता घामाने घालवायची तर चार लिटर पाणी लागले असते. शिवाय वजनाचा पाव हिस्सा पाणी गमावूनही उंट चालत राहतो आणि पाणी भेटले की दहा मिनिटांत शंभर लिटर पिऊन टाकतो. घोड्याचे तसे नाही. उन्हाळ्यात त्याला रोज तीस-चाळीस लिटर पाणी द्यावेच लागते.

म्हणूनच १८६० साली व्हिक्टोरिया वसाहतीने खंड दक्षिणोत्तर ओलांडण्याची मोहीम आखली तेव्हा हिंदुस्थानातून उंट आणवले. जॉर्ज लँडेल्सने विकत घेतलेले चोवीस उंट आणि त्यांचे रखवालदार कराची बंदरातून निघून त्या वर्षीच्या जूनमध्ये मेलबर्नला उतरले. कराची त्या काळी मुंबई इलाख्यात होती. सिंध प्रांत १९३६ साली इलाख्यापासून वेगळा झाला.

मोहिमेचा नेता होता रॉबर्ट ओ'हारा बर्क. तो आयरिश, पोलीस अधिकारी, शूर आणि उतावळा होता, आणि रानात वाट काढण्याचा अनुभव त्याला नव्हता. त्याच्याबरोबर विल्यम विल्स हा तरुण होता. मेलबर्नच्या वेधशाळेत काम केलेला हा मोजणीदार. मोहिमेचे शास्त्रीय डोके म्हणायचे तर तोच. २० ऑगस्ट १८६० रोजी एकोणीस माणसे, सव्वीस उंट, तेवीस घोडे आणि सहा गाड्या मेलबर्नहून निघाल्या. सामान होते सुमारे वीस टन, दोन वर्षांचा शिधा धरून. त्यात ओकच्या लाकडाचे टेबल होते, खुर्च्या होत्या, चिनी घंटा होती, उंटांना पाजायला रमही होती. 'जास्तीत जास्त घ्या' या उत्तराचे हे टोक. गाड्या चिखलात रुतू लागल्या. डार्लिंग नदीवरच्या मेनिंडीला पोचायला जवळजवळ दोन महिने लागले. टपालाची घोडागाडी तेच अंतर आठवड्या-दीड आठवड्यात कापत असे. रमवरून लँडेल्सशी भांडण झाले आणि उंटांचा हा जाणकार राजीनामा देऊन निघून गेला.

मग बर्क दुसऱ्या टोकाला गेला. बहुतेक सामान मेनिंडीला सोडून तो थोड्या माणसांनिशी कूपर क्रीकला पोचला, आणि १६ डिसेंबरला, ऐन उन्हाळ्यात, विल्स, किंग आणि ग्रे यांना घेऊन सहा उंट आणि एका घोड्यासह उत्तरेला निघाला. शिधा होता बारा आठवड्यांचा. पुढे कुठेही टप्पा केलेला नव्हता, साठा ठेवलेला नव्हता. मागे कूपर क्रीकवर ब्राहे नावाच्या माणसाला तीन महिने थांबायला सांगितले होते. मेनिंडीहून राहिलेले सामान मागून यायचे होते.

१८६१च्या फेब्रुवारीत ते कार्पेंटेरियाच्या आखाताजवळ पोचले. पाणी खारट लागले, भरती-ओहोटी दिसली, पण खारफुटीच्या चिखलामुळे समुद्र काही दिसला नाही. बारा आठवड्यांपैकी आठ संपले होते. परतीचा हिशेब इथे उघडा पडतो. उंट मारून खाल्ले, घोडा खाल्ला, १७ एप्रिलला ग्रे मेला. त्याला पुरायला एवढी अशक्त माणसे एक पूर्ण दिवस खपली. २१ एप्रिलच्या संध्याकाळी तिघे जण कूपर क्रीकवर आले. बारा आठवड्यांचा प्रवास बरोबर अठरा आठवडे चालला होता. छावणी रिकामी होती. झाडावर 'खणा' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द कोरलेला होता. खणल्यावर शिध्याची पेटी आणि चिठ्ठी सापडली. तीन महिन्यांऐवजी चार महिने वाट पाहून ब्राहे त्याच दिवशी सकाळी निघून गेला होता. त्या रात्री त्याचा मुक्काम बावीस-तेवीस कि.मी.वर होता.

या योगायोगावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला त्यापेक्षा पुढची चूक मोठी वाटते. तिघांनी शिधा काढून घेतला, चिठ्ठी लिहून पेटीत पुरली, माती पूर्ववत केली आणि वेगळ्याच दिशेने, माउंट होपलेसकडे, निघाले. झाडावर मात्र नवी खूण केली नाही. ८ मे रोजी ब्राहे आणखी एका सहकाऱ्याबरोबर परत येऊन पाहून गेला. माती हललेली दिसली नाही म्हणून त्याने खणले नाही. तीन शब्द कोरायला पाच मिनिटे लागली असती.

राहिलेल्या दोन उंटांची नावे 'लांडा' आणि 'राजा' होती. लांडा चिखलात रुतला, राजाही टिकला नाही. उंट नाही म्हणजे पाणी वाहता येत नाही, आणि पाणी वाहता येत नाही म्हणजे कूपरचा काठ सोडता येत नाही. त्या काठावर यान्द्रुवान्धा लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांनी या तिघांना मासे दिले, नार्दूच्या भाकऱ्या दिल्या. नार्दू म्हणजे मार्सिलिया, वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांचा ओळखीचा चार पानी पाणनेचा. त्याचीच एक भावंड-जात आपल्याकडे भातखाचरांत आणि तळ्यांच्या काठी उगवते. त्याच्या कठीण बीजाणुफळांचे पीठ हे तिथले अडीअडचणीचे अन्न. बर्कचे मात्र या लोकांशी पटले नाही. त्याने त्यांच्या डोक्यांवरून गोळीही झाडली आणि ते दूर गेले. मग तिघे स्वतःच नार्दू वाटून खाऊ लागले. रोज पोटभर खात होते, भूकही चांगली होती, आणि तरी पाय लुळे पडत चालले होते. जूनच्या अखेरीस विल्स आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत बर्क मरण पावला. किंग यान्द्रुवान्धांच्या आश्रयाला गेला आणि वाचला. सप्टेंबरमध्ये शोधपथकाला तो त्यांच्यात सापडला.

१९९४ साली 'नेचर'मध्ये अर्ल आणि मॅक्लीअरी यांनी या मृत्यूंची एक उपपत्ती मांडली. नार्दूत थायामिनेज हे विकर भरपूर असते. ते ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायामिन, नष्ट करते. परिणाम तोच, जो पॉलिशच्या तांदळावर राहणाऱ्यांत आइकमनला जावामध्ये दिसला होता, म्हणजे बेरीबेरी. यान्द्रुवान्धांच्या रीतीत वाटताना भरपूर पाणी घालत, त्यामुळे विकर पातळ होऊन त्याचा जोर कमी होई. ती पातळ कांजी ते शिंपल्याने खात, पानाने नव्हे; हिरव्या पानाचा स्पर्श झाला तर विकराला मदत होते. हे निदान सर्वांना मान्य आहे असे नाही, निव्वळ उपासमार आणि स्कर्व्ही यांचाही वाटा असणारच. पण रोजच्या स्वयंपाकात केवढे रसायनशास्त्र लपलेले असते आणि पदार्थ उचलून कृती मागे ठेवली की काय होते, याचे एवढे स्पष्ट उदाहरण आम्हाला दुसरे माहीत नाही.

त्याच वर्षांत जॉन मॅकडूअल स्टुअर्ट नावाचा किरकोळ अंगाचा एक स्कॉटिश मोजणीदार ॲडलेडच्या बाजूने हेच काम अगदी उलट्या रीतीने करीत होता. १८६० साली दोन साथीदार आणि तेरा घोडे एवढ्यावर तो खंडाच्या मध्यापर्यंत जाऊन आला. टेबल नाही, गाडी नाही. त्याची रीत कंपासने फळ्यावर दाखवता येते. घोडे पाण्याशिवाय तीन दिवस काढू शकतात असे धरा. मग माहीत असलेल्या पाणवठ्यापासून दीड दिवसाच्या त्रिज्येचे वर्तुळ काढायचे. त्या वर्तुळात नवे पाणी सापडले तर सगळ्यांना तिथे हलवायचे आणि तिथून नवे वर्तुळ. नाही सापडले तर मागे फिरायचे. स्टुअर्ट मागे फिरण्यात पटाईत होता. १८६१ साली न्यूकॅसल वॉटर्सच्या पुढची दाट झुडपे आणि निर्जल पट्टा भेदता येईना, तेव्हा तो दीड हजारांहून अधिक कि.मी. परत आला आणि पुन्हा निघाला. सहाव्या मोहिमेत २४ जुलै १८६२ रोजी त्याने उत्तरेचा समुद्र गाठला. परतताना स्कर्व्हीने तो एवढा खंगला की त्याला झोळीत घालून आणावे लागले, डोळे जवळजवळ गेले होते. पण त्याच्या मोहिमांत त्याने एकही माणूस गमावला नाही.

स्टुअर्टला पाणी सापडले असे आपण म्हणतो. खरे तर ते हरवलेले नव्हते. कुठल्या कोरड्या नदीच्या वाळूत किती हात खणले की झिरा लागतो, कुठल्या खडकाच्या खळग्यात पावसानंतर किती दिवस पाणी टिकते, हे तिथल्या आदिवासींना ठाऊक होते. पाणवठ्यांची नावे क्रमाने गुंफलेली लांबलचक गाणी त्यांना पाठ असत. गाणे म्हणत गेले की वाट सापडते. लिहिलेला नकाशा नसलेल्या लोकांचा हा तोंडी नकाशा. तो मिळवण्यासाठी गोऱ्यांनी नेहमीच विनंती केली असे नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात आल्फ्रेड कॅनिंगने १९०६-०७ मध्ये गुरांच्या कळपांसाठी सुमारे १८५० कि.मी.चा मार्ग मोजला, तेव्हा पाणी दाखवावे म्हणून आदिवासींना पकडून साखळदंडांनी बांधले होते. मोहिमेच्या स्वयंपाक्याने तक्रार केली, १९०८ साली चौकशी आयोग बसला, आणि आयोगाने कॅनिंगला निर्दोष ठरवले. त्या मार्गावरच्या पन्नासएक विहिरींमधले अंतर गुरांच्या साधारण एका दिवसाच्या चालीएवढे ठेवले आहे. विहिरी बहुतेक जुन्या पाणवठ्यांवरच आहेत.

स्टुअर्टच्या पाणवठ्यांची माळ पुढे फार कामाला आली. चार्ल्स टॉड यांच्या देखरेखीखाली १८७० ते १८७२ या काळात ॲडलेड ते डार्विन सुमारे ३२०० कि.मी. लांबीची तार त्याच मार्गाने उभी राहिली. खांब लागले छत्तीस हजार. विजेचा संदेशही वाटेत थकतो. म्हणून दर अडीचशे-तीनशे कि.मी.वर एक ठाणे, तिथे माणूस संदेश ऐकून पुढे पुन्हा ठोकणार. ठाण्यांच्या जागा अर्थातच पाण्याने ठरवल्या. ॲलिस स्प्रिंग्ज हे त्यांतलेच एक. नावात झरा असला तरी तो झरा नव्हे, नदीच्या वाळूतला झिराच. तार डार्विनहून समुद्राखालून जावा, सिंगापूर, मद्रास अशी येत होती आणि मुंबईहून एडन, सुएझमार्गे लंडनकडे जात होती. ॲडलेडच्या व्यापाऱ्याच्या लोकरीचा भाव आपल्या मुंबईतून जाई.

पहिली मोटारही या तारेच्या कडेनेच गेली. हॅरी डटन आणि मरे ऑंगर १९०७च्या नोव्हेंबरमध्ये टॅल्बट गाडीतून ॲडलेडहून निघाले. टेनंट क्रीकच्या अलीकडे गाडी मोडली आणि पावसाळा तोंडावर आला. ती तिथेच सोडून ते परतले. पुढच्या वर्षी दुसरी टॅल्बट घेऊन ३० जूनला निघाले, वाटेत पहिली दुरुस्त करून सुरू केली आणि दोन्ही गाड्यांनिशी २० ऑगस्ट १९०८ रोजी डार्विनला पोचले. एक्कावन्न दिवस. मागे फिरून पुन्हा निघणे ही स्टुअर्टचीच रीत. आतल्या भागात पेट्रोल त्या काळी उंटांच्या पाठीवरूनच पोचत असे. बलुचिस्तान, सिंध, पंजाब कुठूनही आलेल्या उंटवाल्यांना तिथे सरसकट 'अफगाण' म्हणत. ज्या मोटारींचे पेट्रोल त्यांनी वाहिले, त्यांनीच १९२०-३०च्या दरम्यान त्यांचा धंदा बुडवला. मोकळे सोडलेले उंट रानटी होऊन आजही तिथे फिरतात.

१९२९ साली आल्फ्रेड ट्रेगर यांनी सायकलसारखे पायडल मारून वीज करणारा बिनतारी संच तयार केला आणि बर्क-ब्राहे यांच्यातले तेवीस कि.मी. निदान कल्पनेत तरी मिटले. १९५५ ते १९५८ मध्ये लेन बीडेल यांच्या तुकडीने गनबॅरल मार्ग काढला. ताऱ्यांवरून अक्षांश-रेखांश काढून ते ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ठोकून वाटेत लावणे ही बीडेल यांची सवय. हे रस्ते क्षेपणास्त्रांच्या आणि अणुबाँबच्या चाचण्यांसाठी होते, आणि त्यापायी तिथल्या लोकांना आपली भूमी सोडावी लागली, हेही सांगायला हवे.

१९६२ साली भूवैज्ञानिक रेज स्प्रिग यांनी पत्नी ग्रिसेल्डा आणि दोन लहान मुलांना बरोबर घेऊन सिम्पसन वाळवंट मोटारीने प्रथमच ओलांडले. एडिआकाराचे प्राचीन जीवाश्म १९४६ साली शोधणारे ते हेच स्प्रिग. सिम्पसनमध्ये अकराशेहून अधिक वाळूच्या टेकड्या एकमेकींना समांतर, जवळजवळ दक्षिणोत्तर पसरल्या आहेत. त्यांची पश्चिमेची उतरण सौम्य आणि पूर्वेची उभी असते, म्हणून पश्चिमेकडून चढणे सोपे. स्प्रिग कुटुंब त्याच दिशेने गेले. वाळूत जाताना चाकांतली हवा कमी करतात. गाडीचे वजन तेच, हवेचा दाब निम्मा, म्हणजे टेकणारे क्षेत्रफळ साधारण दुप्पट. उंटाचा पसरट पाय हेच करतो.

पुढच्याच वर्षी, १९६३च्या डिसेंबरमध्ये, याच वाळवंटाच्या कडेने जाणाऱ्या बर्ड्सव्हिल मार्गावर एका कुटुंबाच्या गाडीचे पेट्रोल संपले. पाणी शोधायला सगळे गाडी सोडून निघाले आणि आई, वडील व तीन मुलगे असे पाचही जण उन्हाने मेले. आज या प्रवासाला निघणाऱ्यांना सांगतात की गाडी बिघडली तर गाडीजवळच थांबा. गाडी विमानातून दिसते, माणूस दिसत नाही. गाडीला सावली असते. ॲडॉल्फ यांचे आकडे आठवले की याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. माणशी, दिवशी किमान पाच ते दहा लिटर पाणी, ते एकाच मोठ्या टाकीत न ठेवता वेगवेगळ्या डब्यांत. वाळूत दुप्पट पेट्रोल जाते हे धरून इंधन. उपग्रहाकडे ४०६ मेगाहर्ट्‌झवर हाक मारणारा संकटसूचक. आणि आपण कुठून, कुठे, कधी पोचणार याची चिठ्ठी मागे कुणाजवळ तरी. सिम्पसनचे राष्ट्रीय उद्यान तर दरवर्षी १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत प्रवाशांना बंदच असते. बर्क १६ डिसेंबरला निघाला होता.

ॲडलेड ते डार्विन सडक १९८७ पर्यंत पूर्ण डांबरी झाली. तिला स्टुअर्टचे नाव आहे. कूपर क्रीकच्या काठचे ते कूलिबाचे झाडही अजून उभे आहे. त्यावरची 'खणा' ही अक्षरे मात्र वाढत्या सालीखाली कधीच बुजून गेली.